साधा मेल जातो, अटॅचमेंट आउटबॉक्समध्येच अडकते: घरच्या फायबरवर व्हीपीएनमधून मेल चालवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर साताऱ्यात शाहूपुरीला, नोकरी पुण्यातल्या कंपनीत. कंपनीचा मेल सर्व्हर ऑफिसातच आहे आणि व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या जाळ्यात नेणारी बंदिस्त जोडणी, लावल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही. व्हीपीएन ‘कनेक्टेड’ दाखवतो, आउटलुकमध्ये मेल येतात, दोन ओळींचं उत्तरही जातं. पण दोन-तीन एमबीची पीडीएफ जोडली की मेल आउटबॉक्समध्ये तसाच बसतो आणि शेवटी टाइम आउटचा एरर येतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हेच काम सुरळीत होतं. शिवाय अधूनमधून सकाळी ‘सर्व्हर सापडला नाही’ असं येतं. अँटिव्हायरस बंद करून झाला, मेलचं प्रोफाइल नवं करून झालं, ऑफिस काढून परत टाकून झालं.

आधी एक विनंती: आता पुन्हा काही काढू नका, टाकू नका. हॉटस्पॉटवर सगळं चालतं, याचा अर्थ लॅपटॉप, आउटलुक, पासवर्ड आणि ऑफिसचा सर्व्हर ही चारही मंडळी निर्दोष आहेत. दोष घरचा राउटर ते ऑफिसचा फायरवॉल (जाळ्याच्या दारावरचा पहारेकरी) एवढ्याच रस्त्यात आहे. आणि छोटा मेल जातो, मोठा जात नाही, यावरून दोषाचं नावही जवळपास कळतं. पोर्ट (सर्व्हरवरचं क्रमांकाचं दार) बंद असतं किंवा पासवर्ड चुकला असता तर छोटाही गेला नसता. मेल फार मोठा म्हणून सर्व्हरने नाकारला असता तर ५५२ क्रमांकाचा स्पष्ट नकार आला असता, मेल मुकाट लटकला नसता. तीन एमबीची फाइल मेलमध्ये जाताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे चार एमबीच्या थोडी वर जाते. तरीही ती बहुतेक सर्व्हरांच्या मर्यादेच्या खूप आत आहे. माहिती नेटवरून छोट्या गठ्ठ्यांनी जाते, त्यांना पॅकेट म्हणतात. तेव्हा संशय पॅकेटच्या आकारावर, म्हणजे एमटीयूवर.

एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट मावतात ती मर्यादा म्हणजे एमटीयू. साध्या इथरनेटवर ती १५००. साताऱ्यात-सांगलीत घरोघरी जे फायबर येतं, बीएसएनएलचं असो की गल्लीतल्या केबलवाल्याचं, त्यात पुष्कळदा पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्डने जोडणी करायची पद्धत, असतं. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर युजरनेम-पासवर्ड भरलेला दिसला तर तुमचंही तेच. पीपीपीओई स्वतःचे ८ बाइट घेतो, उरतात १४९२. त्यावर व्हीपीएन आपलं वेष्टण चढवतो. वायरगार्ड या व्हीपीएन प्रकाराचं वेष्टण आयपीव्ही४ (इंटरनेटची जुनी पत्तापद्धत) वरून ६० बाइट, आयपीव्ही६ (नवी पत्तापद्धत) वरून ८० बाइट. आयपीसेक आणि ओपनव्हीपीएन या दुसऱ्या प्रकारांचं सायफरनुसार (माहिती कुलूपबंद करायच्या पद्धतीनुसार) बदलतं, साधारण ५० ते १०० च्या घरात.

आता वायरगार्डचंच बघा. त्याचा मूळ एमटीयू १४२० असतो. आयपीव्ही४ वरून १४२० अधिक ६० म्हणजे १४८०, हे १४९२ मध्ये बसतं. तोच बोगदा (म्हणजे व्हीपीएनची जोडणी) आयपीव्ही६ वरून गेला की १४२० अधिक ८० म्हणजे १५००, आणि हे आठ बाइटनी बसत नाही. एकाच घरात, एकाच लॅपटॉपवर एक दिवस चालतं आणि दुसऱ्या दिवशी नाही, त्यामागे कधी कधी एवढंच असतं.

पॅकेट बसलं नाही की दोनपैकी एक घडतं. एक तर त्याचे तुकडे होतात आणि पुढचा एखादा फायरवॉल तुकडे आत घेत नाही. नाहीतर पॅकेटवर ‘तुकडे करू नका’ अशी खूण असते, राउटर ते टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीने (यंत्रांच्या आपसातल्या निरोपांच्या पद्धतीने) निरोप धाडतो की लहान करून पाठव. नियमाप्रमाणे हा निरोप मिळाला की संगणक स्वतःच आकार कमी करतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. हॉटस्पॉटवर बहुधा तसंच होत असणार. पण ‘सुरक्षितता’ म्हणून कुणी वाटेत आयसीएमपी सरसकट अडवून ठेवला असेल तर निरोप मध्येच मरतो. तुमचा लॅपटॉप तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि ते पुन्हा पुन्हा हरवतं. लॉगिन, फोल्डरची यादी, दोन ओळींचं उत्तर हा सगळा लहान पॅकेटांचा कारभार, म्हणून तो चालतो. अटॅचमेंट सुरू झाली की प्रत्येक पॅकेट काठोकाठ भरतं.

येणारे मोठे मेल मात्र येतात, जाणारे जात नाहीत, याचं कोडं अनेकांना पडतं. खंबाटकीला जुन्या रस्त्याने पुण्याकडे जाताना बोगदा आणि येताना घाट, तसंच हे आहे. जायचा आणि यायचा रस्ता वेगळा मोजावा लागतो. यायच्या दिशेला ऑफिसचा फायरवॉल आकार आवरून पाठवत असेल, तर त्याने जायच्या दिशेची सोय झाली असं होत नाही. उलट प्रकारही असतो: यायची दिशा बिघडली तर सर्व्हरचं सर्टिफिकेटच, म्हणजे त्याचं ओळखपत्र, जे दोन-चार केबीचं असतं, तुमच्यापर्यंत पोहोचत नाही आणि आउटलुक अगदी सुरुवातीलाच, पासवर्ड विचारायच्याही आधी, अडकतो.

आता मोजून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. खालच्या कमांड अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या. आधी व्हीपीएन बंद ठेवून ‘पिंग -एफ -एल १४७२ १.१.१.१’. इथे ‘-एफ’ म्हणजे तुकडे करू नकोस, आणि ‘-एल’ च्या पुढचा आकडा म्हणजे आतला माल. त्यावर २८ बाइटचं शीर्ष लागतं, म्हणून १४७२ म्हणजे १५००. पीपीपीओईच्या घरी हे अडेल आणि १४६४ जाईल, कारण १४६४ अधिक २८ म्हणजे १४९२. हा आकडा जुळला की घरची बाजू समजली.

मग व्हीपीएन लावा आणि ऑफिसच्या मेल सर्व्हरच्या आतल्या पत्त्याला साधा पिंग करा. उत्तर आलं तरच पुढची मोजणी करण्यात अर्थ आहे. सर्व्हर पिंगला उत्तरच देत नसेल तर व्हीपीएनच्या पलीकडचा गेटवे (ऑफिसच्या जाळ्याचं दार) घ्या. आता ‘-एफ -एल’ लावून १४७२, १४००, १३५०, १३०० असं उतरत जा. अडलेल्या आणि गेलेल्या आकड्यांच्या मधला आकडा घेत गेलात की सात-आठ प्रयत्नांत नेमकी सीमा सापडते.

स्क्रीनवर काय उमटतं ते नीट वाचा, कारण निकाल त्यातच आहे. ‘पॅकेट नीड्स टु बी फ्रॅगमेंटेड’ असं आलं तर वाटेतल्या कुणीतरी, किंवा तुमच्याच संगणकाने, आकार मोठा असल्याचं कळवलं आहे. ही चांगली खबर, इथे यंत्रणा जागी आहे. पण छोट्या आकाराला उत्तर, मोठ्याला नुसतं ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असं आलं, तर पॅकेट मुकाट गिळलं जातंय. आउटलुकमध्ये मेल लटकतो तो याच पट्ट्यात. समजा १३२२ ला उत्तर येतं आणि १३२३ ला शांतता. १३२२ अधिक २८ म्हणजे १३५०, हा तुमच्या बोगद्याचा खरा एमटीयू.

(मॅकवर हेच ‘पिंग -डी -एस’ आणि लिनक्सवर ‘पिंग -एम डू -एस’ असं होतं. अक्षरं तिथे लहान-मोठी पाळावी लागतात: डी आणि एम मोठे, एस लहान.)

दुरुस्ती कुठे करायची? माझ्या मते ऑफिसच्या फायरवॉलवर, आणि ती एका ओळीची आहे: बोगद्यातून जाणाऱ्या टीसीपीचा (मेल ज्या पद्धतीने वाहतो तिचा) एमएसएस बांधून टाकणे. एमएसएस म्हणजे एका पॅकेटमधल्या मालाची कमाल मर्यादा, एमटीयूमधून ४० वजा, इथे १३१०. असं केलं की दोन्ही टोकं बोलणं सुरू करतानाच लहान आकार ठरवतात, मोठं पॅकेट जन्मालाच येत नाही, आणि तुमच्यासारख्या पीपीपीओईवरून काम करणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न सुटतो. आयटीवाल्यांना ‘मेल जात नाही’ असं कळवलंत तर ते तुम्हाला पुन्हा आउटलुक टाकायला सांगतील. ‘व्हीपीएनमधून १३२२ बाइटचा पिंग जातो, १३२३ चा टाइम आउट होतो, कृपया एमएसएस १३१० वर बांधा’ असं लिहिलंत तर दुसरा प्रश्न विचारायची गरजच उरत नाही.

तोवर आपल्या लॅपटॉपवर करता येईल ते असं. ‘नेटश इंटरफेस आयपीव्ही४ शो सबइंटरफेसेस’ या कमांडने सगळ्या अडॅप्टरांची नावं आणि एमटीयू दिसतात. त्यातलं व्हीपीएनच्या अडॅप्टरचं नाव जसंच्या तसं घ्या आणि कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘नेटश इंटरफेस आयपीव्ही४ सेट सबइंटरफेस’, पुढे ते नाव अवतरणचिन्हांत, मग ‘एमटीयू=१३५० स्टोअर=परसिस्टंट’. वायफायच्या अडॅप्टरला हात लावू नका. ती चूक फार जण करतात आणि मग घरातलं सगळंच नेट उगाच आवळलं जातं. काही व्हीपीएन प्रोग्राम दर वेळी अडॅप्टर नव्याने उभा करतात, तिथे ही सेटिंग टिकत नाही. मग आकडा प्रोग्रामच्याच फाइलीत द्यावा लागतो: वायरगार्डमध्ये इंटरफेसच्या भागात एमटीयूची ओळ, ओपनव्हीपीएनमध्ये एमएसएसफिक्स. लॅपटॉप कंपनीचा असेल तर हे सगळं आयटीला विचारूनच. आणि १२८० च्या खाली कधीही जाऊ नका, आयपीव्ही६ ला किमान तेवढं लागतंच.

आउटलुकमधली सर्व्हर टाइमआउटची पट्टी एका मिनिटावरून दहा मिनिटांवर सरकवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. हळू नेटवर तो खरंच उपयोगी आहे. इथे पॅकेट उशिरा पोहोचत नाहीये, पोहोचतच नाहीये, त्यामुळे दहा मिनिटं वाट बघून तोच एरर येईल.

सकाळच्या ‘सर्व्हर सापडला नाही’ चं मूळ वेगळं आहे. ते नावाचं, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसचं दुखणं. लॅपटॉप झोपेतून उठतो, आउटलुक लगेच मेल आणायला धावतो, व्हीपीएन अजून लागलेला नसतो. सर्व्हरचं आतलं नाव मग घरच्या राउटरला विचारलं जातं आणि त्याला ते माहीत नसतं. साधा उपाय: आधी व्हीपीएन, तो लागल्यावर आउटलुक. तरी अडलं तर ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ करून आउटलुक बंद करून उघडा. तपासताना एक खाचखळगा आहे. विंडोजमध्ये ‘एनएसलुकअप’ स्वतःच्या डोक्याने थेट डीएनएस सर्व्हरला विचारतो, व्हीपीएनने ‘अमुक नावं अमुक सर्व्हरला विचार’ असा नियम घातला असेल तर तो पाळत नाही. म्हणून पॉवरशेलमध्ये ‘रिझॉल्व्ह-डीएनएसनेम’ वापरा, आउटलुकला काय दिसतं ते त्यातून कळतं. उत्तरात १० ने सुरू होणारा, १९२.१६८ चा किंवा १७२.१६ ते १७२.३१ मधला पत्ता आला तर ठीक. बाहेरचा पत्ता आला तर प्रश्न चुकीच्या दारात गेला. सर्व्हरला बाहेरचा आयपीव्ही६ पत्ताही असेल आणि व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ वाहत असेल, तर आउटलुक बोगदा सोडून बाहेरून जायला बघतो. हेही याच उत्तरात दिसतं.

या त्रासाला कंटाळून सर्व्हरच्या नावाच्या जागी थेट आयपी पत्ता टाकू नका. सर्टिफिकेट नावावर दिलेलं असतं, त्यामुळे रोज इशारा येईल आणि रोज तो डोळे मिटून मान्य करायची सवय लागेल. ज्या दिवशी इशारा खरा असेल त्या दिवशीही बोट तिथेच जाईल.

तुमच्या बाबतीत लागू नाही, पण याच तक्रारीच्या शेजारी राहणारे दोन दोष सांगून ठेवतो, कारण इकडच्या घरांत ते फार आढळतात. पहिला पत्त्यांच्या टकरीचा. घरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि ऑफिसचं जाळंही १९२.१६८.१ चंच, तर लॅपटॉपला ऑफिसचा सर्व्हर स्वयंपाकघरातल्या टीव्हीशेजारी आहे असं वाटतं आणि पॅकेट बोगद्यात शिरतच नाही. व्हीपीएन ‘कनेक्टेड’ आणि मेल पूर्ण ठप्प, असं याचं रूप. यावर घरचं जाळं १९२.१६८.७७ असं काही वेगळं करून टाकायचं. राउटरचा पासवर्ड केबलवाल्याकडे असतो, त्याला फोन करा. पण त्याला आधीच सांगा की सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि प्रिंटर यांना ठरावीक पत्ता दिलेला असेल तर तोही बदलायचा आहे, नाहीतर संध्याकाळी कॅमेरे दिसत नाहीत म्हणून पुन्हा फोनाफोनी.

दुसरा पोर्टचा. येणाऱ्या मेलला आयमॅप ९९३ आणि एसएसएल/टीएलएस (सुरुवातीपासून कुलूपबंद बोलणं), जाणाऱ्याला ५८७ आणि स्टार्टटीएलएस (आधी उघडं बोलून मग कुलूप), किंवा ४६५ आणि एसएसएल/टीएलएस. ४६५ ला स्टार्टटीएलएस निवडलं की दोन्ही बाजू एकमेकांच्या बोलण्याची वाट बघत बसतात. पोर्ट २५ घरच्या कनेक्शनवर अनेक कंपन्या अडवतात, तो मेल प्रोग्राममध्ये वापरूच नये. पोर्ट उघडा आहे का, हे पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’, सर्व्हरचं नाव आणि ‘-पोर्ट ५८७’ असं देऊन बघता येतं. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं पाहिजे. मात्र ही तपासणी लहान पॅकेटांची आहे. एमटीयूचा दोष असतानाही ती ‘ट्रू’ च सांगते, म्हणून तेवढ्यावर ‘नेटवर्क ठीक आहे’ असं आयटीने म्हटलं तर ते अर्धंच खरं समजा.

कंपनीचा मेल मायक्रोसॉफ्टकडे असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे मेलला व्हीपीएनची गरजच नसते आणि तो वाहतुकीचा भाग बोगद्याबाहेर ठेवावा असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सुचवतं. तिथे जुन्या पद्धतीचं नुसत्या पासवर्डचं आयमॅप-पॉप १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद करायला सुरुवात झाली, त्यामुळे जुना मेल प्रोग्राम पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो. व्हीपीएन लावल्यावर विंडोज टास्कबारवर ‘नो इंटरनेट’ दाखवत असेल, तर ब्राउझर चालत असूनही आउटलुक ‘ट्राइंग टु कनेक्ट’ वर अडू शकतो, कारण तो विंडोजच्या त्या खुणेवर विश्वास ठेवतो.

पावसाळ्यातलं एक निराळंच. लाइट क्षणभर जाते, इन्व्हर्टरवर पंखा-दिवे चालू राहतात, पण फायबरची डबी आणि राउटर साध्या सॉकेटला असतात, ते बंद होऊन पुन्हा सुरू होतात. व्हीपीएन थोडा वेळ ‘कनेक्टेड’ च दाखवतो आणि आउटलुक मेलेल्या जोडणीला धरून बसतो. अशा वेळी व्हीपीएन तोडून पुन्हा जोडा, थांबू नका. कायमचा उपाय म्हणजे डबी आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घेणे किंवा राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस लावणे. बहुतेक उपकरणं १२ व्होल्टची असतात, तरी अडॅप्टरवरच्या स्टिकरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्या. अँपिअर कमी पडला तर राउटर भर कामात रीस्टार्ट होत राहील.

आणि काहीही झालं तरी अडलेली पीडीएफ स्वतःच्या खासगी मेलवरून पाठवायचा मोह टाळा. घाईच असेल तर हॉटस्पॉट लावा, तुमच्याकडे तो चालतोच आहे.

एमटीयू दुरुस्त झाल्यावर आउटबॉक्समध्ये आधीपासून अडकलेले मेल आपोआप सुटू देऊ नका. जोडणी ऐन शेवटी तुटली असेल तर मेल सर्व्हरने घेतलेला असतो, पण ‘मिळाला’ हे उत्तर तुमच्याकडे आलेलं नसतं. आउटलुक तोच मेल पुन्हा पाठवतो आणि समोरच्याला एकच बिल दोनदा मिळतं. म्हणून आधी ‘वर्क ऑफलाइन’ दाबा, आउटबॉक्समधले मेल ड्राफ्ट्समध्ये ओढून ठेवा, मग परत ऑनलाइन या. पहिली चाचणी स्वतःलाच तीन एमबीची फाइल पाठवून घ्या. ती गेली की ज्यांना मेल अडकले होते त्यांना एकेकाला विचारून, ज्याला मिळाला नसेल त्यालाच पुन्हा पाठवा.